दोरशिडीवरच्या गाठी कुणाच्या?

चाळीस वर्षं त्याने लोकांच्या कवळ्या बनवल्या, म्हणून क्लबात त्याचं नाव बत्तीशी. दातांच्या डॉक्टरकडून साचा यायचा, हा त्यावर मेण चढवायचा, एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा घासायचा. आणि ज्याचं तोंड त्याने जन्मात पाहिलेलं नाही असा कुणी माणूस कुठेतरी त्या दातांनी हसायचा. नाव ठेवलं कप्तानाने. ते इतकं चिकटलं की एकदा भाजी चिरता चिरता बायकोनेच "अहो बत्तीशी, पाणी बंद करा" अशी हाक मारली आणि मग दोघंही हसत सुटली.

निवृत्त झाल्यावर बोटांना चैन पडेना. टेबलावरचं मीठ चिमटीत धरून त्याचे दाणे लावत बसायचा. बायको म्हणाली, "कुठेतरी जा बाबा." तर तो जहाजांकडे गेला.

क्लब म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. बाहेरून लाकडी जिना, आत एक लांब टेबल, दोन दिवे, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर प्रत्येकाचं अर्धवट जहाज. खोलीची किल्ली खाली सायकलवाल्याकडे खिळ्याला टांगलेली. दर रविवारी सकाळी माणसं जमायची. येणारे सहा-सात, पण नेमाने येणारे तिघंच. एक हा. दुसरा कप्तान, ज्याने समुद्र फक्त दोनदा पाहिला होता, तोही स्टिअरिंगमागून, कारण तो तीस वर्षं बस चालवत होता. तिसरा टेलरमास्तर, दोघांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याचं दुकान समोरच्याच फुटपाथला. सगळ्यांच्या जहाजांची शिडं तोच शिवायचा. बोलायचा कमी, आणि बोललाच तर तोंडात टाचण्या धरल्यासारखा.

क्लबाला नियम एकच होता आणि तो कप्तानानेच केलेला. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या जहाजाला बोट लावायचं नाही. धूळ पुसायलाही नाही.

बत्तीशीचं जहाज तीन डोलकाठ्यांचं होतं, जुन्या काळी माल वाहायचं तसं. चार वर्षं तो त्यावर खपत होता. सांगाडा झाला, फळ्या झाल्या, डेक झाला, डोलकाठ्या उभ्या राहिल्या. उरल्या होत्या दोरशिड्या. डोलकाठीच्या दोन्ही अंगांना ताणून बांधलेले दोर असतात, त्यांवर आडव्या दोऱ्या बांधत जायचं म्हणजे खलाशांना वर चढायची शिडी तयार होते. जिथे जिथे आडवी दोरी उभ्याला भेटेल तिथे एक गाठ. गाठ केवढी, तर खसखशीच्या दाण्याएवढी. अशा शेकड्यांनी. बत्तीशीला याची धास्ती नव्हती. त्याच्या मते हाच खरा मजेचा भाग होता.

आणि तेवढ्यात एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातून ब्रश पडला. उचलायला वाकला तर हात ब्रशपर्यंत गेला, पण ब्रश धरल्याचं बोटांना कळेच ना. अर्धांगाचा हलका झटका, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांत घरी आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं आली ती अर्धवटच. जाड रबरी हातमोजा घालून वस्तू धरावी तसं व्हायचं. घरी सोडताना डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं. त्यातलं त्याच्या मनात एकच वाक्य रुतून बसलं. "अधूनमधून विसरायला होईल, गोंधळल्यासारखं होईल. घाबरायचं नाही."

दोन महिने तो क्लबात गेला नाही. मग एका शनिवारी कप्तान दारात.

"तुझ्या फळीवर बोटभर धूळ बसलीय."

"पूस की मग."

"नियम आहे. मी नाही पुसणार. तू ये आणि तूच पूस."

"अरे, माझा हात बघतोयस ना?"

"धूळ डाव्या हातानेही पुसता येते," कप्तान म्हणाला, चहा घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बत्तीशी गेला. चालतच गेला, कारण त्याची सायकल पंक्चर म्हणून सायकलवाल्याकडे पडून होती आणि ते पंक्चर काही केल्या निघत नव्हतं. धूळ पुसली. मग म्हटलं, एक गाठ बांधून बघू. चिमट्याने दोरा धरला की सुटायचा, ओढला की तुटायचा. अडीच तासांत पुढच्या डोलकाठीवर अकरा गाठी झाल्या. त्यातल्या चार वाकड्या, दोन त्याच्या डोळ्यांदेखत आपोआप उकलू लागलेल्या.

"अकरा!" कप्तान म्हणाला. "मला अकरा दिवस लागले असते."

टेलरमास्तर नुसता बघत राहिला. खाली उतरताना बत्तीशी जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून बराच वेळ उभा होता. आपल्याला कुणी पाहतंय हे त्याला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी त्याने भिंग लावलं तर अकराच्या अकरा गाठी घट्ट. वाकडी एकही नाही. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मागच्या वेळी दमल्यामुळे आपल्याला त्या वाईट दिसल्या असतील, असं त्याने स्वतःला समजावलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "अगं, हात सुधारतोय." बायकोने पदराने डोळे टिपले. त्या रविवारी त्याने आणखी नऊ बांधल्या होत्या. अकरा नि नऊ वीस.

तिसऱ्या रविवारी मोजल्या तर सव्वीस.

त्याने डावीकडून मोजल्या, उजवीकडून मोजल्या. सव्वीस. सगळ्या देखण्या. आता हात सुधारतो हे मान्य, पण घरी बसून सुधारतो की काय? त्याने कुणाला काही विचारलं नाही. आणखी आठ बांधल्या, एका चिठ्ठीवर 'चौतीस' लिहिलं आणि चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली.

चौथ्या रविवारी गाठी होत्या एकवीस. बाकीच्या जागी दोरे लोंबत होते, एखाद्याने सावकाश, नीट उकलून ठेवावेत तसे.

त्याने पाकिटातून चिठ्ठी काढली. चौतीसच होतं, अक्षरही त्याचंच. पण तो आकडा त्याने नक्की काय मोजून लिहिला होता? बांधलेल्या गाठी, की बांधायच्या राहिलेल्या? आठवू गेला तसतसं आठवण हाताला लागेना.

"कप्तान," त्याने हळूच विचारलं, "माझ्या जहाजाला कुणी हात लावतं का रे?"

कप्तान खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "कोण लावणार? नियम माहितीये ना?"

"मास्तर, तुम्ही?"

टेलरमास्तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शीड शिवत होता. हल्ली तो तिथेच बसायचा, कप्तानापासून लांब. मान वर न करता म्हणाला, "तुमच्याच गाठी आहेत, बत्तीशीभाऊ. चांगल्या आहेत."

पुढच्या डोलकाठीकडे आता बघवेना, म्हणून बत्तीशी मागच्या डोलकाठीला लागला. तिथे त्याने काही गाठी बांधल्या. बऱ्या झाल्या की वाईट हे तपासायच्या भानगडीत तो पडला नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता तर तपासणार कशाने?

जाताना किल्ली परत खिळ्याला टांगली आणि सायकलवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मधल्या वारी कुणी वर येऊन गेलं का हो?"

सायकलवाल्याचे दोन्ही हात पाण्याच्या घमेल्यात होते, ट्यूब दाबून तो बुडबुडे शोधत होता. दचकला. "तुम्हीच की," म्हणाला.

"मी?"

"हां. बुधवारी. दुपारी आला होतात… नाही का?"

बत्तीशी तिथेच उभा राहिला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी खाली ओढलं, आणि या सगळ्यात तो स्वतःला बुधवारी शोधत होता.

घरी आल्याबरोबर बायकोला विचारलं, "बुधवारी दुपारी मी कुठे होतो?"

"कुठे असणार? घरी."

"तू पाहिलंस?"

"मी दोन ते पाच ताईकडे गेले होते ना! आले तेव्हा तुम्ही खुर्चीतच होतात. का हो?"

"काही नाही."

दोन ते पाच. वर्तमानपत्र वाचलं होतं, मग डोळा लागला होता. निदान त्याला तसं आठवत होतं. पण उठून, कपडे करून, चालत जाऊन, सहा गाठी बांधून, परत येऊन खुर्चीत बसायलाही तीन तास पुरतात. मग बांधलेल्या गाठी सोडल्या त्याही आपणच? एका बुधवारी बांधायच्या आणि दुसऱ्या बुधवारी जाऊन सोडायच्या, असा कोण माणूस आपल्या आत राहायला आलाय?

त्यानंतर सगळंच डळमळायला लागलं. रविवारी क्लबात जायचा, मागच्या डोलकाठीवर गाठी बांधायचा, पण लक्ष त्या बुधवारात असायचं. गॅस बंद केला का हे बघायला तो तीनदा उठायचा. मुलीचा फोन आला की आधी विचारायचा, "मी तुला आज फोन केला होता का?" त्यात भर म्हणजे चपला सापडेनाशा झाल्या. रोज दाराशी काढायचा आणि सकाळी त्या जागेवर नसायच्या. एकदा कपड्यांच्या मशीनमागे मिळाल्या. मशीनमागे! बायको नुसती त्याच्याकडे बघून आत गेली, आणि त्या बघण्याने त्याची उरलीसुरली खात्रीही गेली.

शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी त्याला कागदावर घड्याळ काढायला लावलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावली. पाच वस्तू सांगितल्या आणि मध्ये भलतंच बोलून पुन्हा विचारल्या. शंभरातून सात वजा करत यायला सांगितलं. बत्तीशी दोनापर्यंत न चुकता आला.

"तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग मी बुधवारी क्लबात गेलो होतो का?"

डॉक्टर हसले. "ते मी कसं सांगणार?"

बत्तीशीला हसू आलं नाही. डोकं जागेवर आहे म्हणावं तर सायकलवाला खोटं कशाला बोलेल? आणि डोकं जागेवर नाही म्हणावं तर शंभरातून सात बरोबर कसे जातात? यापेक्षा नापास झालो असतो तर निदान एका बाजूला तरी लागलो असतो, असं त्याला बसची वाट बघताना वाटून गेलं.

पुढच्या बुधवारी बायको ताईकडे गेल्यावर तो उठला. ठरवलं, आज जायचं आणि मी गेलो हे लक्षात ठेवायचं. चपला नेहमीप्रमाणे नव्हत्याच. मग न्हाणीघरातल्या निळ्या रबरी सपाता पायात सरकवल्या आणि निघाला. वाटेत दिसेल ते मनाशी म्हणत गेला. लाल दार, दवाखाना, पेरू विकणारी बाई, नळाचं वाहतं पाणी.

सायकलवाल्याने त्याला पाहिलं आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. मग तो जिन्याकडे तोंड करून गरज नसताना मोठ्याने ओरडला, "अरे या या, बत्तीशीभाऊ! आज बुधवारी कसे काय?"

खिळ्याला किल्ली नव्हती. बत्तीशी जिना चढला.

वर दिवा लावून कप्तान बसला होता. त्याच्या पुढ्यात बत्तीशीचं जहाज. नाकावर भिंगाचा चष्मा, बसचं स्टिअरिंग धरलेल्या त्या जाड बोटांत चिमटा, आणि चिमट्यात मागच्या डोलकाठीवरची एक गाठ, अर्धी सुटलेली.



"तू?" बत्तीशी म्हणाला.

"हे बघ, मी बांधत नाहीये," कप्तान घाईघाईने म्हणाला. "मी सोडतोय."

"सोडतोयस?"

"म्हणजे तुझ्या नाही. तुझ्या कशाला सोडीन? मास्तरच्या सोडतोय."

"मास्तरच्या गाठी माझ्या जहाजावर काय करतायत?"

याचं उत्तर द्यायला मास्तरच यावा लागला. सायकलवाल्याने त्याला समोरच्या दुकानातून ओढतच आणला. गळ्यात टेप, कानावर खडू. दारात बत्तीशीला पाहिलं आणि त्याने आधी टेप काढून खिशात घातली, जणू घरात शोक असावा.

"आधी मला एक सांगा," बत्तीशी म्हणाला. "बाकीचं मग. त्या बुधवारी मी इथे आलो होतो का?"

सायकलवाल्याने मास्तरकडे पाहिलं.

"आलो होतो का?"

"नाही हो," सायकलवाला म्हणाला. "मास्तर आले होते. दोघांनीही सांगून ठेवलं होतं, बोलू नकोस. तुम्ही एकदम विचारलंत, माझ्या तोंडातून काहीतरी निघून गेलं."

बत्तीशी स्टुलावर बसला. "मी डॉक्टरकडे जाऊन घड्याळ काढून आलो," तो म्हणाला. "शंभरातून सात वजा करून आलो. घरी गॅस बघायला तीनतीनदा उठतोय. मला वाटलं, मी गेलो कामातून."

टेलरमास्तर दारातून आत आला. "पहिल्या रविवारी तुम्ही जिन्यात थांबलात," तो म्हणाला, आणि या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या. "कठड्याला धरून. मी वरून बघत होतो. वाटलं, हा माणूस परत येणार नाही. म्हणून त्या अकरा गाठी तेवढ्या नीट केल्या. तुम्ही पुढच्या रविवारी इतके खूश झालात, की मग थांबता येईना. पुढे आणखी सहा बांधल्या."

"आणि मला ते दिसलं," कप्तान म्हणाला. "मी याला म्हटलं, अरे, उद्या त्याला कळलं तर लाजेने मरेल तो. जे केलंच नाही त्याचं कौतुक करून घेतोय. हा ऐकेना. मग हा बांधून गेला की मी येऊन सोडायला लागलो. तुला तुझं काम तुझं म्हणून मिळावं, एवढंच."

"यांनी माझ्याशी बोलणं टाकलं," मास्तर म्हणाला.

"मी टाकलं? तू तोंड फिरवून बसतोस!"

"तुम्ही दोघं गप्प बसा!" बत्तीशी ओरडला. इतक्या मोठ्याने तो आजारपणानंतर पहिल्यांदाच ओरडला होता. "म्हणजे माझ्या जहाजावर तुमचं भांडण चाललं होतं, आणि मला कुणी विचारलं नाही? एकानेही?"

कप्तानाने चिमटा खाली ठेवला. नियम कुणी केला होता हे कुणी बोलून दाखवलं नाही.

तेवढ्यात जिना धडधडला आणि बत्तीशीची बायको वर आली. तिला धाप लागली होती. ताईकडून लवकर परतली तर घर रिकामं. चार गल्ल्या शोधून आली होती. नवऱ्याला धडधाकट बघून आधी तिचा जीव भांड्यात पडला आणि मग तिने झालेलं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचा पारा चढत गेला.

"शोभतं का हो तुम्हाला?" ती कप्तानाला म्हणाली. "दोन आठवडे मी यांच्या चपला लपवतेय! वाटलं, बाहेर पडतात आणि यांना आठवत नाही, एखाद्या दिवशी हरवतील. माझ्या डोळ्याला डोळा नाही."

बत्तीशी सावकाश तिच्याकडे वळला. "चपला तू लपवत होतीस?"

ती एकदम थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं.

"मशीनमागे तू ठेवल्यास? आणि मी मशीनमागे कशा ठेवल्या म्हणून दिवसभर डोकं धरून बसलो, तेव्हा बघत राहिलीस?"

"सांगणार होते…"

बत्तीशीने खोलीभर नजर फिरवली. "अजून कुणाचं काही आहे? आत्ताच सांगून टाका. मी बसलोय."

सायकलवाला पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडू लागला. "सायकलीला पंक्चर नाहीये," तो पुटपुटला. "तुम्ही चालवू नये म्हणून वहिनींनी…"

यावर हसावं की रडावं हे बत्तीशीला कळेना. चांगली माणसं होती सगळी. एकालाही त्याचं वाईट करायचं नव्हतं. आणि या सगळ्यांनी मिळून त्याला जवळजवळ वेडा ठरवला होता. राग कुणावर धरायचा ते ठरवता ठरवता त्याची नजर जहाजावर गेली. मागच्या डोलकाठीवर कप्तानाने सोडलेले चार-पाच दोरे लोंबत होते.

"मास्तर," तो म्हणाला, "मागच्या डोलकाठीवर किती बांधल्यात?"

"मागच्या? एकही नाही. मी पुढचीच डोलकाठी केली."

"शपथ?"

"माझ्या मशीनची शपथ."

"सहा आठवडे खोटं बोललात, आता शपथेवर विश्वास ठेवू?"

मास्तर पुढे झाला. नेहमीच्या सवयीने डाव्या हातात चिमटा घेतला आणि एका रिकाम्या दोऱ्यावर पटकन गाठ मारून दाखवली. "भिंगातून बघा. मी डावखुरा. माझ्या गाठीचा वेढा उलटा पडतो. आता मागच्या डोलकाठीच्या बघा."

बत्तीशीने भिंग धरलं. मास्तरची गाठ उलटी. पुढच्या डोलकाठीवरच्या बहुतेक उलट्या. मागच्या डोलकाठीवर उरलेल्या नऊ गाठी मात्र सुलट होत्या, घट्ट, एका रेषेत. अगदी खसखशीएवढ्या.

तो कप्तानाकडे वळला. "आणि तू या मास्तरच्या म्हणून सोडत होतास?"

"हो."

"या? मागच्या?"

"हो म्हणतोय ना. एवढ्या चांगल्या बघितल्या, वाटलं, याच्याशिवाय कुणाच्या असणार!" असं म्हणता म्हणता कप्तानाचं तोंड उघडं राहिलं. आपण काय सोडत होतो हे त्याला आत्ता उमगलं. "अरे देवा. बत्तीशी…"

बत्तीशी भिंगातून बघतच राहिला. या गाठी त्याने कधी बांधल्या, ते रविवार त्याला नीट आठवत होते. पण चांगल्या बांधतोय असं त्या वेळी एकदाही वाटलं नव्हतं. तेव्हा तो बोटांकडे लक्षच देत नव्हता, बुधवारच्या काळजीत होता. मग हात सुधारला तो लक्ष न दिल्यामुळे? की सुधारला होताच, आणि या लोकांच्या उपकारांखाली ते दिसलं नाही? की या नऊ सोडून बाकीच्या वाईटच होत्या आणि कप्तानाने सोडल्या म्हणून आता पुरावा राहिला नाही?

"सोडलेल्या कशा होत्या?" त्याने विचारलं.

"चांगल्या," कप्तान म्हणाला. मग जरा थांबून, "एक वाईट होती."

बायकोने चपला आणल्या होत्या, पिशवीत घालून. तिने त्या त्याच्या पायाशी ठेवल्या. तो त्या घालून निमूट तिच्याबरोबर घरी गेला.

पुढचे दोन रविवार तो क्लबात गेला नाही. कप्तान एकदा घरी आला, बाहेरच्या खोलीत चहा पिऊन बसून राहिला. बत्तीशी आतून आलाच नाही. मास्तरने काहीच पाठवलं नाही, निरोपही नाही. बायको म्हणाली, "माफ करून टाका आता." तो म्हणाला, "तुलाच अजून केलेलं नाही, रांगेत उभी राहा." पण म्हणताना त्याच्या तोंडावर हसू होतं, तेव्हा ती समजली.

तिसऱ्या रविवारी तो सायकलवर बसून गेला. बायको फाटकापर्यंत आली आणि वळणापर्यंत बघत राहिली.

वर गेल्यावर त्याने जहाज पुढ्यात घेतलं आणि दोघांना आपल्या दोन बाजूंना बसवलं. "हे बघा. गाठ वाईट असेल तर वाईट म्हणायचं. चांगली म्हणायची असेल तर भिंगातून बघून म्हणायचं."

पहिली गाठ बांधायला दहा मिनिटं गेली.

कप्तानाने वाकून पाहिलं. घसा खाकरला. कितीदा तरी तोंड उघडून मिटलं. शेवटी म्हणाला, "वाईट."

बत्तीशीने ती सोडली, पुन्हा बांधली.

"वाईटच. पण कमी."

"मास्तर?"

"दोरा जास्त ओढताय," मास्तर म्हणाला. "वेढा घेतल्यावर जरा थांबा. तो आपला आपण बसतो."

आठवी गाठ मास्तरने भिंगातून बराच वेळ पाहिली आणि नुसती मान हलवली. कप्तानाने भिंग हिसकावून घेतलं, बघितलं, आणि दोघांचं लगेच वाजलं, कारण कप्तानाच्या मते सातवी जास्त चांगली होती. सातवीत काय वाईट आहे, आठवीत काय चांगलं आहे, यावर ते अर्धा तास तावातावाने बोलत होते. महिनाभर एकमेकांशी न बोलल्याचं सगळं त्यात निघालं. बत्तीशी मधोमध बसून नववी बांधत होता.

सगळ्यात वरच्या, अरुंद टोकाच्या गाठी मात्र त्याच्याने होईनात. हात अधांतरी धरला की थरथरायचा. तेव्हा त्याने मास्तरला विचारलं, "या तुम्ही बांधाल का?" मास्तरने तीनदा "खरंच?" म्हणून विचारलं आणि मग बांधल्या. खाली पुढच्या डोलकाठीवरच्या जुन्या उलट्या गाठी बत्तीशीने आहेत तशा ठेवल्या. काही मधूनच सुटलेल्या होत्या, तिथे स्वतःच्या भरल्या.

थंडी सरता सरता जहाज पुरं झालं. वाचनालयाच्या तळमजल्यावर छोटंसं प्रदर्शन होतं, तिथे ते काचेत ठेवलं. दुपारी एक बाई आली, पन्नाशीची असावी, गळ्यात चष्म्याची साखळी. बराच वेळ नाक काचेला लावून दोरशिड्या बघत होती.

"या सगळ्या गाठी तुम्हीच बांधल्या?" तिने विचारलं.

बत्तीशीने "हो" म्हणायला तोंड उघडलं, मग "नाही" म्हणावंसं वाटलं. कप्तान छताकडे बघत होता, मास्तर बाहीवरचा नसलेला धागा काढत होता. बत्तीशी वाकला आणि काचेतून पुढच्या डोलकाठीकडे बघू लागला. भिंग घरी राहिलं होतं. नुसत्या डोळ्यांना सुलट-उलट काही दिसेना. सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

"काही माझ्या आहेत," तो म्हणाला. "पण कुठल्या, ते आता मलाही सांगता यायचं नाही."

बाईला काही कळलं नाही. तिने मान डोलावली आणि विचारलं, इतका बारीक दोरा मिळतो कुठे? मास्तर लगेच पुढे झाला आणि तिला दोऱ्यांविषयी इतकं सांगू लागला, की वर्षभरात मिळून तो एवढं बोलला नसेल.